पाचारणाचे वाचन आणि समीक्षेचे मौन

मराठी समीक्षेने ख्रिस्ती वाङ्मयासाठी ‘योगदान’ हा एक सोयीचा कप्पा करून ठेवला आहे. फादर स्टीफन्सने १६१६मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रचून मराठीची थोरवी गायिली, टिळक दांपत्याने कविता आणि आत्मचरित्र दिले. एवढी नोंद झाली की वाङ्मयेतिहासाचे कर्तव्य संपते. या ग्रंथांचा वाचक कोण होता आणि वाचनातून त्याला काय हवे होते, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. तो गौण नाही.

हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर, कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या कोर्लईत अधिक टोकदार होतो. १७४०मध्ये पोर्तुगीजांनी चौल-रेवदंड्याचा ताबा सोडला. पण येथील कॅथलिक समाजाच्या घरांतून ‘नो लिंग’ ही पोर्तुगीज-मराठी संकरातून घडलेली बोली टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषांना उपासनेत स्थान दिल्यानंतर मिस्सा मराठीत आली. म्हणजे येथील तरुणीची घरची भाषा एक, प्रार्थनेची दुसरी. तिने धर्मभगिनी होण्याचा विचार केला, तर पाचारणाची पारख करण्यासाठी तिच्या हाती पडणारे ग्रंथ आणि पुढील धर्मशिक्षण बहुधा तिसऱ्याच, इंग्रजी भाषेत. आयुष्यातील सर्वांत मोठ्या निर्णयाचे वाचन तिला परभाषेत करावे लागते.

आध्यात्मिक वाचन म्हणजे उपदेशवजा मजकुराचे सेवन, आणि उपदेश म्हणजे अ-वाङ्मय, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो दोन्ही अंगांनी फोल आहे. १५२१मध्ये जखमी होऊन अंथरुणावर पडलेल्या इग्नेशियस लोयोलाला हव्या होत्या शौर्यकथा. हाती आली ती ख्रिस्तचरित्राची आणि संतचरित्रांची कॅस्टिलियन भाषांतरे. शौर्याची स्वप्ने रंगवताना मिळणारा आनंद मागे कोरडेपणा ठेवतो आणि संतचरित्रांच्या चिंतनाचे समाधान टिकून राहते, हे त्याला तेथे उमगले. त्याच्या ‘आत्म्यांच्या पारखी’चा उगम या निरीक्षणात आहे. वाचनाचा परिणाम पुस्तक मिटल्यानंतर तपासणारी ही पद्धत वाचककेंद्री समीक्षेला परकी वाटण्याचे कारण नाही. बाराव्या शतकातील दुसऱ्या गिगोने सांगितलेल्या वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन या पायऱ्याही श्रवण-मनन-निदिध्यासनाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला अपरिचित वाटू नयेत.

आक्षेपाची दुसरी बाजू आपल्याच घरात कोसळते. महानुभावांच्या ‘सूत्रपाठा’तील आचारप्रकरणे संन्यस्तांसाठीच आहेत, ‘स्मृतिस्थळा’त नागदेवाचार्य अनुयायांना मार्गदर्शन करतात. समर्थांचा ‘दासबोध’ तर उघड उपदेशग्रंथ. हे सारे मराठी समीक्षा वाङ्मय म्हणून वाचते आणि ते योग्यच आहे. मग तोच निकष कॅथलिक साधकाच्या ग्रंथाला लावताना हात का आखडतो? स. गं. मालशे यांनी ‘ख्रिस्तपुराणा’चा भाषिक व वाङ्मयीन अभ्यास केला, पण अशा अभ्यासाची परंपरा उभी राहिली नाही.

वास्तविक ‘ख्रिस्तपुराण’ वाचकाच्या मागणीतून जन्मल्याचे स्वतःच सांगते. जुनी पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का नाही, असे एक ब्राह्मण विचारतो आणि ग्रंथ त्याला उत्तर म्हणून उभा राहतो. या मागणीमागे धर्मसत्तेचा निषेध आहे, हे विसरता येत नाही. पुढे १६८४मध्ये गोव्यात स्थानिक भाषेच्याच वापरावर फर्मान निघाले. ग्रंथ आणि भाषा यांवर सत्तेचा हात पडला की साधकाची कोंडी होते, याचा अनुभव युरोपालाही होता. १५५९च्या स्पॅनिश बंदीसूचीने लोकभाषेतील अनेक भक्तिग्रंथ काढून घेतले, तेव्हा लॅटिन न जाणणाऱ्या अविलाच्या तेरेझाला ते जिव्हारी लागले होते.

आज फर्मान नाही. उपेक्षा आहे, आणि तिचे दोन धनी आहेत. लोकभाषेत मिस्सा देणाऱ्या धर्मसंस्थेने लोकभाषेत साधना मात्र पुरेशी दिली नाही. समीक्षेने या वाचनाला विचारार्हच मानले नाही, म्हणून चांगल्या-वाईट भाषांतराची पारखही झाली नाही. आणि जेथे पारख नाही तेथे गद्य घडत नाही. ‘योगदाना’चे प्रमाणपत्र ही त्याची भरपाई नव्हे. जी समीक्षा आयुष्य पणाला लावून वाचणाऱ्या वाचकाकडे पाठ फिरवते, तिने वाचनाविषयीचे सिद्धांत मांडावेत कोणत्या आधारावर?