कागदावरचे भाडे, खोलीचे भाडे

बारावीचा निकाल हाती आला की ढोकीसारख्या गावातील अनेक घरांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. प्रवेश कोठे मिळणार, आणि मिळाला तरी मुलाने राहायचे कोठे? पहिल्याचे उत्तर गुणपत्रिका देते. दुसऱ्याचे उत्तर शासकीय वसतिगृहाच्या यादीत असते, आणि त्या यादीत नाव नसले तर पुण्यात वा छत्रपती संभाजीनगरात खाजगी खोली शोधण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील अशाच विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. योजनेचा हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो तिच्यातील निवास भत्त्याच्या हिशेबाचा.

हा भत्ता खोलीच्या भाड्यावरून ठरत नाही. शहराच्या दर्जावरून ठरतो. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला २०,००० रुपये, महसुली विभागाच्या मुख्य शहरांत १५,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी १२,००० अशी प्रतवारी प्रारंभी ठरली. भोजन व निर्वाह धरून एकूण रक्कम अनुक्रमे ६०,०००, ५१,००० आणि ४३,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे मानले, तरी पुण्यातील निवाऱ्यासाठी महिना २,००० आणि संभाजीनगरात १,५०० रुपये पडतात. घरमालक भाडे मागतो ते बहुधा बारा महिन्यांचे, वर अनामत वेगळी.

२०२३ च्या अखेरीस इतर मागासवर्गीय, विमुक्त व भटक्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आधार योजना आली. मधल्या सात वर्षांत पुण्याची भाडी कोठल्या कोठे गेली होती. तरीही नव्या योजनेत ६०,०००, ५१,००० आणि ४३,००० हेच आकडे जसेच्या तसे उतरले. जुन्या कागदावरून नवा कागद तयार करण्याची सरकारी दफ्तराची सवय आपल्या परिचयाची आहे. येथे तिची किंमत मुले मोजतात.

भाडेवाढीची दखल घेण्याची रीत शासनाला ठाऊक नाही, असे मुळीच नव्हे. सातव्या वेतन आयोगानुसार घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या २४, १६ वा ८ टक्के ठरला आणि महागाई भत्ता २५ टक्क्यांपलीकडे गेला की तो २७, १८, ९ व ५० टक्क्यांला पोहोचला की ३०, २०, १० व्हावा, अशी सोयही केली गेली. शिवाय किमान रकमा ठरल्या: महिना ५,४००, ३,६०० आणि १,८००. म्हणजे ढोकीसारख्या लहान गावातील कर्मचाऱ्यास किमान १,८०० रुपये, आणि ढोकीहून संभाजीनगरला गेलेल्या विद्यार्थ्यास १,५००! कर्मचाऱ्याच्या पाठीशी कुटुंब असते आणि विद्यार्थी एका खोलीत तिघे-चौघे राहू शकतात, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु त्यावरून फार तर भत्ता कमी असण्याचे समर्थन होईल. तो वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी थिजून राहण्याचे होत नाही.

ब्रिटनमध्ये खाजगी भाडेकरूंना मिळणाऱ्या साहाय्याची मर्यादा २०११ पासून प्रत्यक्ष भाड्यांवरून काढण्याची पद्धत आहे. त्या त्या भागातील भाडी चढत्या क्रमाने मांडायची आणि तळची तीस टक्के घरे ज्या भाड्याच्या आत येतात तो आकडा धरायचा. अर्थात तेथेही २०१६ ते २०२० ही मर्यादा गोठवली गेली आणि वाढत्या भाड्याची तूट गरिबांच्याच माथी आली. मोजण्याची रीत चांगली असून भागत नाही, ते मोजमाप दरवर्षी व्हावे लागते.

आपल्याकडे तर मोजण्याची सामग्री हाताशी आहे. स्वाधारच्या अर्जासोबत विद्यार्थ्याकडून भाड्याने राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरारनामा मागितला जातो. त्या करारावर भाड्याचा आकडा असतो. समाजकल्याण खात्याच्या कपाटांत असे कागद वर्षानुवर्षे साठले आहेत. तो आकडा भत्त्याच्या हिशेबात मात्र कोठेच येत नाही. शहरवार हे आकडे एकत्र केले, तर स्वस्तातल्या स्वस्त खोलीचेही भाडे काय आहे ते एका महिन्यात कळेल. हा करार मिळवणे सोपे असते असेही नाही. अनेक घरमालक कागद करण्यास राजी नसतात, आणि काही तर आडनाव ऐकल्यावर ‘खोली गेली’ असे सांगून मोकळे होतात. ज्याला या दारांवरून परत फिरावे लागते, त्याला हाती येईल ती खोली, मागितले जाईल त्या भाड्याने घ्यावी लागते. सरासरी भाड्याचा हिशेब त्यालाच सर्वांत अपुरा पडतो.

रक्कम वर्ष सरता सरता, प्रसंगी सरल्यावरही हाती येते, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. अनामत मात्र प्रवेशाच्या आठवड्यातच द्यावी लागते. निवास भत्ता भोजन व निर्वाहापासून वेगळा काढून त्याचा अर्धा भाग प्रवेश निश्चित होताच बँकेत जमा करावा आणि त्याचा दर दरवर्षी जूनपूर्वी, आदल्या वर्षीच्या भाडेकरारांवरून नव्याने ठरवावा. त्यासाठी नवी समिती नेमण्याचे कारण नाही. कपाटे उघडली तरी पुरे.