ऋण काढून सण, की ऋण काढून विहीर?



परवा एका गावी रब्बीच्या बैठकीला गेलो होतो. हरभऱ्याची बीजप्रक्रिया सांगून झाली, चहा आला आणि नेहमीप्रमाणे गोष्टी पिकावरून पैशावर आल्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण पुस्तक घेऊन बसला होता. त्याने विचारले, "साहेब, २००८ साली जगात मंदी आली तेव्हा सरकारांनी कर्ज काढून खर्च वाढवला, असं यात लिहिलंय. हे बरोबर की चूक?"

मी तोंड उघडण्याआधीच ओट्यावरचे आबा म्हणाले, "चूक! घरात तंगी आली की माणूस हात आखडतो. दुष्काळात आपण लग्नं पुढं ढकलतो. आणि हे शहाणे म्हणे कर्ज काढून खर्च करायचा! ऋण काढून सण, दुसरं काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात उंबऱ्याशी बसलेल्या एक आक्का बोलल्या. त्या आठवडी बाजारात भाजी विकतात. "आबा, तुम्ही हात आखडला ते बरं केलं. पण गेल्या दुष्काळात साऱ्या गावानंच आखडला, तवा माझी मेथी कुणी घेतली न्हाई. मग मी पोरीला फ्रॉक शिवला न्हाई, शिंपी बसून ऱ्हायला. शिंप्यानं दूध बंद केलं, आणि ते दूध तुमच्याच घरचं होतं की!"

हशा पिकला, आबाही हसले. पण मंडळी, अमेरिकेच्या संसदेत मोठमोठ्या विद्वानांनी जो वाद घातला, तो या दोघांनी पाच मिनिटांत मांडला होता. आज त्याविषयीच थोडे बोलू, कारण असा प्रसंग पुन्हा आला तर त्याची झळ आपल्या बाजारापर्यंत पोचणार आहे.

अमेरिकेत बँकांनी ऐपत न पाहता घरांसाठी भरमसाट कर्जे वाटली होती. घरांच्या किमती उतरल्या, कर्जे थकली आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या जुन्या पेढीने दिवाळे जाहीर केले. मग एक सावकार दुसऱ्या सावकाराला उसने देईना, अशी गत झाली. कारखान्यांचे भांडवल आटले, लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये अध्यक्ष बुश यांनी बँका सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरच्या तरतुदीचा कायदा केला. नवे अध्यक्ष ओबामा यांनी १७ फेब्रुवारी २००९ रोजी दुसऱ्या कायद्यावर सही केली, ती ७८७ अब्ज डॉलरच्या खर्चाची. त्या वेळच्या दराने हे सुमारे अडतीस लाख कोटी रुपये होतात. त्यातला साधारण तिसरा हिस्सा करसवलतींचा होता. बाकी पैसा बेकारांना भत्ता, राज्यांना मदत, रस्ते, पूल, वीज अशा कामांसाठी होता.

वाद असा पेटला की विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने कनिष्ठ सभागृहात या कायद्याला मत दिले नाही. वरिष्ठ सभागृहात तिघांनी दिले. विरोधकांचे म्हणणे आबांचेच: कुटुंबे पोटाला चिमटा घेत असताना सरकारने कर्ज वाढवू नये, ते नातवंडांच्या डोक्यावर बसेल. बाजूचे लोक आक्कांचे म्हणणे मांडत होते: सगळेच हात आखडतात तेव्हा कोणीतरी खर्च केलाच पाहिजे, आणि तेवढे बळ फक्त सरकारजवळ असते. पॉल क्रुगमन यांच्यासारखे काही अर्थशास्त्रज्ञ तर ही रक्कमही अपुरी आहे, असे बजावत होते.

पुढे काय झाले? कायदा केला तर बेकारी आठ टक्क्यांच्या वर जाणार नाही, असा अंदाज ओबामांच्या सल्लागारांनी जानेवारी २००९ मध्ये दिला होता. ऑक्टोबर २००९ मध्ये ती दहा टक्क्यांवर गेली. विरोधक म्हणाले, औषध लागू पडले नाही. समर्थक म्हणाले, रोगच अंदाजापेक्षा मोठा निघाला, मात्रा कमी पडली, औषध दिले नसते तर याहून वाईट झाले असते.

आम्ही शेतीखात्यातली माणसे नवे औषध तपासताना शेजारी बिनफवारणीचा एक वाफा राखतो, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसतो. देशाचा असा वाफा राखता येत नाही. म्हणून हा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही. माझे स्वतःचे मत सांगायचे तर, मला आक्कांचे म्हणणे पटते. पण आबांची शंका खिशात ठेवूनच ते मान्य करावे.

या विचाराचे मोठे प्रवर्तक म्हणजे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स. १९३६ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक गमतीचा दाखला दिला आहे. सरकारने जुन्या बाटल्यांत नोटा भरून पडक्या खाणींत पुराव्यात आणि लोकांना त्या उकरू द्याव्यात, तरी बेकारी कमी होईल. मात्र लगेच ते सांगतात की घरे वगैरे बांधणे याहून शहाणपणाचे. लोक बाटल्या लक्षात ठेवतात आणि घरे विसरतात.

माझ्या घरी या दोन्ही गोष्टींचा अनुभव आहे. माझा जन्म १९७० सालचा. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो आणि आई खडी फोडायला जात होती. मला बाभळीखाली झोळीत टाकायची, आणि कामावर मिळालेल्या सुकडीतली मूठभर माझ्यासाठी राखायची. त्या मजुरीने आमचे घर जगले. तो खर्च सरकारने केला नसता तर आज हा लेख लिहायला मी नसतो, हे मी कधी विसरत नाही. पण तिने फोडलेल्या खडीचा ढीग रस्त्याच्या कडेला कित्येक वर्षे तसाच पडून होता. शाळेत जाताना आम्ही त्यावर चढून खेळायचो. शेजारच्या शिवारात त्याच साली लोकांनी पाझर तलाव बांधला. मजुरी तीच, घाम तोच. पण त्या तलावाखालच्या विहिरींना पुढे उन्हाळ्यातही पाणी राहिले. आमच्या वाट्याला बाटली आली आणि त्यांच्या वाट्याला घर.

महाराष्ट्राने हा धडा कायद्यात बसवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव भागात प्रयोग झाला. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम द्यायचे, आणि शक्यतो टिकाऊ व उत्पादक काम द्यायचे, हे तिचे सूत्र होते. पैशाची तजवीजही केली होती. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, बागायत जमिनीवर उपकर बसला. कोण देणार हे आधी ठरले, हे तिचे मोठेपण.

भारत सरकारनेही मंदीत हात सैल सोडला. डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवले आणि वीस हजार कोटींचा जादा खर्च जाहीर केला. फेब्रुवारी २००९ मध्ये शुल्क आणखी दोन टक्क्यांनी उतरवले. कर्जमाफी त्याआधीच, फेब्रुवारी २००८ च्या अंदाजपत्रकात आली होती. ती पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण होती. त्यामुळे विदर्भातला सात-आठ एकर कोरडवाहूचा धनी, ज्याचे उत्पन्न दोन एकर बागायतीइतकेही नसते, तो पूर्ण माफीबाहेर राहिला. केंद्राची वित्तीय तूट २००७-०८ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास होती, ती एका वर्षात सहा टक्क्यांवर गेली. देश मंदीतून लवकर सावरला, हे खरे. पण सैल सोडलेला हात वेळेवर आवरला नाही, असा ठपका अनेक अर्थतज्ज्ञांनी ठेवला. २००९ चा पाऊसही दगा देऊन गेला होता. पुढची वर्षे महागाईची गेली, आणि महागाई हाही एक करच आहे. तो गरिबाकडून आधी वसूल होतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, सरकारने संकटात खर्च करावा की नाही, एवढ्यावरच वाद घालून थांबू नका. तीन गोष्टी विचारा. पैसा आधी कोणाच्या हातात पडणार? मजुराच्या हाती पडला तर संध्याकाळी बाजारात येतो, धनिकाच्या हाती पडला तर तिजोरीत जातो. खर्च संपल्यावर गावात काय उरणार? आणि सुगीचे दिवस आले की हे कर्ज कोण व कसे फेडणार? दुष्काळात विहिरीसाठी काढलेले कर्ज विहिरीच्या पाण्यावर फिटते. बारशासाठी काढलेले कर्ज विहिरीलाही गहाण टाकते.

चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे. अमेरिकेत पैसा मंजूर झाला, पण कामे तयार नव्हती. कुदळ मारायला सज्ज अशी कामे प्रत्यक्षात नसतातच, असे २०१० साली खुद्द ओबामांनी कबूल केले. म्हणजे वरातीमागून घोडे. आपल्याकडे ग्रामसभेत कामांची यादी करायची असते, आणि बहुतेक ठिकाणी ती घाईघाईने, मागच्या वर्षीची उतरवून होते. योजनांची नावे बदलतात, सरकारे बदलतात, पण यादी गावाचीच लागते. कोणत्या ओढ्यावर बांध, कोणत्या तलावाचा गाळ, कोणत्या वस्तीचा रस्ता, हे सुकाळातच शिवार फिरून, मोजून, लिहून ठेवा. पुढच्या ग्रामसभेला आबांनाही न्या आणि आक्कांनाही न्या. आबा खर्चाचा हिशेब विचारतील आणि आक्का बाजाराचा. दोघांचे ऐकून केलेली यादी हाताशी असली, तर संकटात आलेल्या पैशाची खडी होणार नाही.