जो चेंडू गेलाच नाही

क्रिकेटचा सामना दूरचित्रवाणीवर पूर्वीपेक्षा चांगला दिसतो, याविषयी आमच्या मनात शंका नाही. १९७७ साली ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांच्या सामन्यांसाठी मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे बसले. तोवर प्रेक्षकाला एका आड एक षटक फलंदाजाची पाठच पाहावी लागे. आज चेंडू बोटांतून सुटताना त्याची शिवण कुठे झुकली आहे, हेही घरबसल्या दिसते. रेडिओच्या आठवणींत रमून हे सारे नाकारणारे आमचे काही स्नेही आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. समालोचकाच्या शब्दांवरून मनात मैदान उभे करण्यात आनंद होता खरा, पण त्या मैदानात समालोचकाच्या चुकाही तितक्याच डौलाने वावरत असत.

आमची तक्रार वेगळी आहे. पायचीतच्या निर्णयासाठी चेंडूचा जो मार्ग पडद्यावर उमटतो, त्याचा एक भाग घडलेला असतो, दुसरा घडलेलाच नसतो. चेंडू पॅडवर आदळेपर्यंत कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो. पुढचा प्रवास हे संगणकाचे अनुमान. २००१ साली लॉर्ड्सवरील इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत हॉक-आय पडद्यावर आले, तेव्हा ते समालोचनाला पूरक असे साधन होते. २००८ सालच्या भारत-श्रीलंका मालिकेत पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याची पद्धत अजमावली गेली आणि अनुमानाला निवाड्याचे वजन आले. कादंबरी शिकवताना निवेदकाने पाहिलेले आणि त्याने कल्पिलेले यांतला भेद आपण विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. येथे दोन्ही गोष्टी एकाच सलग चित्रात येतात आणि तो भेद डोळ्यांना जाणवतही नाही.

नियम मात्र प्रेक्षकापेक्षा सावध आहे. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागेल असे दिसले, तर मैदानावरील पंचाचा निर्णय कायम राहतो. अनुमानाच्या मर्यादेची ही प्रांजळ कबुली. पण प्रेक्षक चिडतो तो नेमका तिच्यावरच. ‘लागतोय ना, मग द्या की बाद!’

२०११ च्या विश्वचषकात मोहालीच्या उपांत्य सामन्यात सईद अजमलच्या चेंडूवर पंच इयान गूल्ड यांनी सचिन तेंडुलकरला पायचीत दिले. सचिनने दाद मागितली. चेंडू लेग यष्टीच्या बाहेरून गेला आणि त्याची खेळी ८५ धावांपर्यंत पोचली. गेला म्हणजे, गेला असता. पाहा, लिहिताना आम्हीही फसलो! सचिन बादच होता, असे अजमल पुढेही सांगत राहिला. त्याला हट्टी म्हणणे सोपे आहे. पण चेंडू कुठे गेला असता याविषयी त्याचेही एक अनुमानच होते, फक्त त्याचे चित्र काढता येत नव्हते.

चित्रावरच्या या विश्वासाने पाहण्याची रीतही पालटली. पंचाचे बोट वर गेले तरी आता कोणी लगेच उठून नाचत नाही. आधी पडद्याचा कौल पाहिला जातो, मग हर्ष. घडण्याचा आणि कळण्याचा क्षण वेगळा झाला आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या प्रक्षेपणाने हे अंतर आणखी वाढवले, कारण ते पडद्यावर पोचेपर्यंत काही सेकंद मागे पडते. परवा आम्ही मोबाइलवर सामना पाहत होतो. शेजारच्या घरातून एकदम आरोळी उठली. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच येत होता.