पत्र्याला एवढं मोठं भोक?

दोस्तांनो, साताऱ्याहून आठवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. त्याला २ मि.मी. जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्पीकर बसवायचाय. विचारतो, "काका, १० सें.मी.चं ड्रिल बिट सांगलीच्या बाजारात तरी मिळेल का?"

अरे, मिळालं तरी घेऊ नकोस! साधं बिट भोकातला सगळा धातू कुरतडून काढतं. १० सें.मी. व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून बघ : ७,८५० चौ. मि.मी. आपल्याला हवी आहे नुसती कड. ३ मि.मी. रुंदीची गोल खाच पाडली, तर साधारण ९१५ चौ. मि.मी. एवढाच धातू कापावा लागतो आणि मधली चकती अख्खी बाहेर येते. काम आठपटीनं कमी!

मग हत्यार कुठलं? त्याआधी भोकं किती पाडायचीत ते ठरवा. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आजी-आजोबांना विचारा. कंदिलाच्या टाकीला बर्नरसाठी गोल भोक लागतं. असे कंदील हजारांनी करायचे, तर पंच आणि डाय हवा : प्रेसचा एक दणका, एक भोक. (कंदिलाचा पत्रा लोखंडी, पण रीत तीच.) सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची गोष्ट आणखी वेगळी. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभा केला. तिथले पंप प्रसिद्ध आहेत. पंपासारख्या ओतीव कामात मोठं भोक 'पाडत' नाहीत, 'ठेवतात'. साच्यातच वाळूचा गाभा बसवायचा, म्हणजे तेवढी जागा रिकामी राहते. मग आतून कातून माप अचूक करायचं.

तुला मात्र भोक हवंय एक. त्यासाठी डाय करणं म्हणजे मुंगी मारायला तोफ!

एक उपाय म्हणजे होल सॉ. वाटीच्या काठाला करवतीचे दात असावेत, तसं हे हत्यार. पण घरातलं ड्रिल मशीन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर १० सें.मी.च्या होल सॉचे दात ताशी ५६ कि.मी. वेगानं पत्र्यावर घासतील. सपाट रस्त्यावरच्या एस.टी.चा वेग झाला हा! ॲल्युमिनियम मऊ, ते तापून दातांत चिकटून बसतं. मग दात अडकतो आणि पत्रा पंख्यासारखा गरकन् फिरतो. बोटं जायची वेळ येते, थट्टा नाही. फेरे २००च्या आसपास हवेत. तेवढं हळू फिरणारं मशीन नसेल, तर होल सॉ वापरायचाच नाही. एका बाजूला पातं असलेला फ्लाय कटरही दुकानात दिसेल. तो फक्त वर्कशॉपमधल्या स्टँडच्या मशीनवर, पत्रा पक्का आवळून चालवायचा. हातातल्या मशीनला कधीच लावू नका.

मला विचाराल, तर एका भोकासाठी जुनी रीतच बरी. कंपासनं ५० मि.मी. त्रिज्येचं वर्तुळ आखा. त्याच केंद्रातून आत ४७ मि.मी.चं दुसरं. आतल्या वर्तुळावर दर ६ मि.मी.वर सेंटर पंचनं खूण करा. परीघ २९५ मि.मी., म्हणजे ४९ खुणा. खाली लाकडी फळी घेऊन पत्रा दोन क्लॅम्पनी टेबलाला आवळा आणि ५ मि.मी.च्या बिटानं ४९ भोकं पाडा. मशीन घरातल्या मोठ्या माणसानं चालवायचं. डोळ्यांवर चष्मा हवा, हातमोजे नकोत, सैल बाही तर मुळीच नको. बिटावर अधूनमधून रॉकेलचा थेंब सोडा. नसेल तर शिवणयंत्राचं तेल चालेल. जवळपास शेगडी, काडेपेटी नको.

दोन भोकांमध्ये १ मि.मी.ची भिंत उरते, ती छिन्नीनं तोडा. चकती 'टण्ण' करून सुटते! आता कड करवतीसारखी दिसेल. ती अर्धगोल कानशीनं बाहेरच्या रेघेपर्यंत घासायची. इथे घाई करणाऱ्याचं भोक अंड्यासारखं होतं. ॲल्युमिनियमचा भुगा कानशीच्या दातांत भरतो, म्हणून आधी कानशीवर शाळेतला खडू घासा. भुगा खडूवर बसतो आणि ब्रशनं झटकला की निघतो. शेवटी कडेची धार पॉलिश पेपरनं मोडा, ती ब्लेडसारखी कापते.

आईबाबांसाठी एक ओळ : सातारा, सांगली, मिरज, कुपवाड, कुठंही लेथवाल्याकडे पत्रा आखून नेला तर तो हे भोक पाडून देईल. पण पोराला सोबत न्या, उभं राहून बघू द्या.

आता तुमच्यासाठी गणित. भोक ७५ मि.मी. व्यासाचं हवं. बिट ५ मि.मी.चं, आतलं वर्तुळ तसंच ३ मि.मी. आत, खुणा ६ मि.मी.वर. भोकं किती पडतील? उत्तर पुढच्या अंकात. आणि साताऱ्याच्या मित्रा, निघालेली चकती जपून ठेव, पुढच्या वेळी तिची कप्पी करू.