तांब्याचा हंडा आणि मुलीचा चेहरा

काळवंडलेल्या तांब्याच्या हंड्यावर लिंबू घासले की तो लखलखतो. हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. म्हणूनच मुरुमांच्या डागांवर लिंबू चोळ, असा सल्ला आपल्याला लगेच पटतो. पण हंड्याचा काळेपणा धातूच्या वर चढलेला असतो आणि तो आम्लात विरघळतो. मुरुमाचा डाग त्वचेच्या आत असतो. मुरूम सुजला, चिघळला की तिथल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन तयार करतात, आणि ते घासून निघत नाही.

घरगुती उपायांच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. पहिला असा, की नैसर्गिक वस्तूने अपाय होत नाही. लिंबाच्या रसाचा सामू साधारण 2 असतो आणि त्वचेचा 5च्या आसपास. म्हणजे रस त्वचेपेक्षा सुमारे हजारपट आम्ल. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात, की ती लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि नवा काळा डाग पडतो. आपली सावळी-गव्हाळ त्वचा तर प्रत्येक जळजळीची आठवण डागाच्या रूपाने ठेवते. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टही अशीच जळजळ करतात. ज्या उपायाने आग होते, तो डाग वाढवतो.

दुसरा मुद्दा परंपरेचा. आजी सहाणेवर दुधात जायफळ उगाळायची, बेसन-हळदीचे उटणे लावायची. तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण उटणे हे अंग स्वच्छ आणि मऊ करण्यासाठी होते. हलक्या हाताने लावायचे आणि धुऊन टाकायचे. रोज रात्री चेहरा खरवडण्याच्या आजच्या हट्टाला आजीचे नाव देणे हा तिच्यावर अन्याय आहे.

तिसरा मुद्दा अनुभवाचा: ‘आमचे डाग गेले ना!’ गेले असतील. यातले बरेचसे तपकिरी डाग काही महिन्यांत, कधी वर्षभराने आपोआप फिके होतात. त्या काळात जे लावले, त्याला श्रेय मिळते. 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या एकाच वणाच्या अर्ध्या भागावर साधे मलम आणि अर्ध्या भागावर ई जीवनसत्त्व घातलेले मलम लावले. बहुतेकांना ई जीवनसत्त्वाचा फायदा दिसला नाही, आणि सुमारे एकतृतीयांश लोकांच्या त्वचेवर त्याने पुरळ उठले. ‘मला गुण आला’ म्हणताना वणाचा दुसरा अर्धा भाग आपण कधी पाहिलेला नसतो.

शिवाय डाग वेगळा आणि खड्डा वेगळा. खड्ड्यात त्वचेच्या खोल थरातले कोलॅजेनच नष्ट झालेले असते. कोणताही लेप तो भरून काढत नाही.

मग मेडिकलमधून ‘गोरे करणारी’ ट्यूब आणावी का? मुळीच नाही. त्यांपैकी अनेकांत स्टिरॉइड असते. आठवडाभर चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरूम नव्याने उठतात.

तरीही घरात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तेच खरे घरगुती उपाय आहेत. मुरूम फोडू नका. खड्ड्यांची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते. ऊन टाळा. उन्हाने डाग गडद होतात आणि जास्त दिवस टिकतात, म्हणून एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन रोज लावा. पुण्यातल्या मुली दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्याचाही उपयोग होतो. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुवा आणि साधे मॉइश्चरायझर लावा. कोरफड सोसत असेल तर थंडाव्यासाठी जरूर लावा, डाग पुसण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नका. आणि मुरूम उठत असतानाच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अ‍ॅडापॅलीन किंवा अ‍ॅझेलेइक आम्ल वेळेवर सुरू झाले तर पुढचे वण टळतात. खड्डे पडलेच असतील तर त्यांवर सूक्ष्म सुयांचे उपचार आणि लेसर आहेत. त्यांनी खड्डे उथळ होतात, पूर्ण पुसले जात नाहीत, हेही आधीच माहीत असावे.

आयांना, मावश्यांना एवढीच विनंती: लग्न पंधरा दिवसांवर आले म्हणून पोरीच्या गालावर लिंबू चोळू नका. डाग जायला महिने लागतात. ते तिला द्या, आणि तोवर रोज आरसा दाखवून तिचे मन जाळू नका.