विश्लेषण : दत्तक घेतलेला ‘वयात आलेला’ कुत्रा ऐकत का नाही?

भटक्या कुत्र्यांसंबंधीच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्राणिप्रेमींना दिल्लीत पालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. मुंबई-पुण्यात ही वाट आधीपासूनच रुळलेली आहे. आणणे सोपे, टिकवणे अवघड. निवाऱ्यातून येणारा कुत्रा बरेचदा सात-आठ महिन्यांचा किंवा वर्षभराचा असतो. तो सोफा फाडतो, पट्टा ओढतो, हाक मारली की उलट दिशेला पळतो. महिन्याभरात घरात ‘याला परत नेऊन सोडू’ अशी भाषा सुरू होते.

हे वयच वेगळे असते का?

होय. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांचे असताना बऱ्यापैकी आज्ञा पाळणारे कुत्रे आठव्या महिन्यात ‘बस’ म्हटल्यावर कमी दाद देत होते. आणि गंमत अशी, की हा हट्ट स्वतःच्या पालकापुरता होता, परक्या माणसाचे ते ऐकत होते. पौगंडावस्थेतली मुले असलेल्या घरांना यात नवल वाटणार नाही. पुढे हे वागणे निवळलेलेही दिसले.

रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात आणखी एक अडचण मिसळते. साधारण तीन ते बारा-चौदा आठवडे या वयात पिल्लू ‘जगात काय सुरक्षित’ याची यादी मनात पक्की करते. गल्लीतल्या कुत्र्याच्या त्या यादीत रिक्षा, पाऊस आणि कचराकुंडी असते; लिफ्ट, कुकरची शिट्टी, मिक्सर आणि गुळगुळीत टाइल्स नसतात. म्हणजे हॉर्नला न बिचकणारा कुत्रा जिना चढताना थरथरतो, त्याला ‘नाटकी’ म्हणणे अन्यायाचे आहे.

मग शिकवणे कधी सुरू करावे?

पहिल्याच दिवशी, पण ‘शेकहँड’पासून नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे एवढेच शिकवायचे, की या घरात जेवण ठरल्या वेळी मिळते, बाहेर ठरल्या वेळी जायचे असते आणि आपल्या कोपऱ्यात झोपल्यावर कोणी त्रास देत नाही. याच काळात नातेवाईकांना ‘बघायला’ बोलावण्याची आपली हौस आवरावी. बारशाला येतात तशी पंधरा माणसे आली, तर कुत्रा पलंगाखाली जाणार किंवा गुरगुरणार.

शी-शूचे गणितही तसेच. गल्लीतल्या कुत्र्याला माती, गवत यांची सवय असते. वर्तमानपत्र त्याच्या लेखी काहीच नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच खाली न्यावे आणि काम उरकताक्षणी तिथेच खाऊ द्यावा; घरी आल्यावर दिलेला खाऊ घरी येण्याचा ठरतो. घरात घाण झाली तर पुसून टाकावी. संध्याकाळी कामावरून आल्यावर सकाळच्या डबक्याकडे बोट दाखवून ओरडण्याने तो फक्त ओरडणाऱ्याला घाबरायला शिकतो. ‘बघा, कसा अपराध्यासारखा बघतोय’ हा घरोघरचा पुरावाही टिकत नाही. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की तो चेहरा मालकाच्या रागावण्याला दिलेला प्रतिसाद असतो, चुकीची कबुली नव्हे.

आज्ञा कोणत्या भाषेत?

कोणत्याही, पण एकाच. मराठी घरात खरा गोंधळ इथे होतो. बाबा ‘सिट’ म्हणतात, आजी ‘बस रे बाळा’ म्हणते आणि अंगावर उडी मारली की आई ‘बस झालं आता!’ ओरडते. कुत्र्याने कोणत्या ‘बस’ला बसायचे? चार-पाच शब्द ठरवून ते फ्रिजवर लिहून ठेवणे, हा बाहेरच्या शिकवणीपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी उपाय आहे.

सराव दोन-तीन मिनिटांचा, दिवसातून चार-पाच वेळा. आधी घरात, मग जिन्यात, मग रिकाम्या पार्किंगमध्ये आणि शेवटी रस्त्यावर. दिवाणखान्यात पाठ झालेले त्याला रस्त्यावर आठवेलच असे नाही. ‘ये’ या शब्दावर आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नये, मग तो कितीही उशिरा येवो. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा पुरतो. प्रसादातले मनुके मात्र देऊ नयेत. द्राक्षे व मनुक्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

‘बॉस कोण ते दाखवा’ हा सल्ला कितपत खरा?

हा सल्ला बंद व्हायला हवा. कळपातल्या ‘अल्फा’ची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेले डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिले, की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि पिल्ले यांचे कुटुंब असते. तरीही गळा आवळणारी साखळी घेऊन ‘पंधरा दिवसांत सरळ करतो’ म्हणणारे प्रशिक्षक आपल्याकडे आहेतच. प्रशिक्षकाला एकच प्रश्न विचारावा : कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? ‘झटका देतो’ असे उत्तर आले, तर नमस्कार करून निरोप द्यावा.

गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणे तर सर्वांत धोक्याचे. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती मारून दाबली, तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतात. चावा घेतला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. कुत्रा लसीकरण केलेला असला तरी हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक चिडू लागला, तर आधी पशुवैद्याकडे न्यावे. दुखणारा कान किंवा पाय हेही कारण असू शकते.

जमलेच नाही तर?

काही घरांत खरोखर जमत नाही. घरात रांगते मूल असेल आणि कुत्रा ताटाजवळ कोणालाही येऊ देत नसेल, तर ज्या संस्थेकडून आणला तिला स्पष्ट सांगून परत देणे यात लाज नाही. आणण्यापूर्वीच संस्थेला ‘परत घेणार का’ असे विचारून ठेवावे. गाडीत घालून दूरच्या घाटात किंवा महामार्गावर सोडणे ही मात्र वेगळी गोष्ट. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला उपाशी-तहानलेले मरायला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही दहा ते पन्नास रुपये आहे.