अंगणांतील गलांडा

“जेथें प्यावयाचें पाणी मोजून वापरावें लागतें, तेथें फुलझाडांचे लाड कोणीं करावे?” असा प्रश्न राजापेठेंतील आमच्या शेजारच्या एका आजीबाईंनीं मला विचारला. प्रश्न रास्त आहे. अमरावतीचा वैशाख ज्यानें एकदां अनुभविला, तो त्यास हंसणार नाहीं. तथापि माझें मत असें आहे कीं, दोष फुलझाडांचा नसून आपल्या निवडीचा व निगा राखण्याच्या रीतीचा आहे.

चित्र पाहून बी मागविण्याची हौस आपणांस फार. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील एकिनेशियाचें फूल, जांभळट पाकळ्या व शंकूसारखा उंच मध्यभाग यांमुळें, चित्रांत मोहक दिसतें. परंतु तें झाड कडक हिंवाळ्यांत जमिनींत विसावा घेऊन वसंतांत पुन्हा फुटणारें. तसा विसावा त्यास वऱ्हाडांत कोठून मिळावा? त्याच खंडांतून आलेला त्याच कुळांतील एक सोयरा मात्र आपल्याकडे केव्हांच रुळला आहे. तो म्हणजे गलांडा. अठराव्या शतकांतील गायार नांवाच्या एका फ्रेंच न्यायाधीशाच्या सन्मानार्थ शास्त्रज्ञांनीं त्यास गॅलार्डिया म्हटलें. आपल्या जिभेनें त्याचा गलांडा केला. हारांत आपण जीं तांबडीं-पिवळीं फुलें पाहतों, त्यांत हा पुष्कळदां असतो.

ऊन त्यास प्रिय आहे व थोडक्या पाण्यावर तो तग धरतो. त्याचा शत्रु एकच, मुळाशीं सांचलेलें पाणी. आपली काळी माती कपाशीस उत्तम. परंतु पावसांत ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून तींत वाळू किंवा बारीक मुरूम व कुजलेलें शेणखत मिसळून वीतभर उंच गादीवाफा करावा. अंगण नसेल त्यानें तळाशीं भोकें पाडलेला जुना डबा घ्यावा. आषाढांत बी पेरावें. रोपें चार-पांच आठवड्यांचीं झालीं म्हणजे हातभर अंतरानें लावावीं. दसऱ्याच्या सुमारास दारावरचें तोरण घरच्या फुलांचें होतें.

येथें माझी एक चूक सांगतों. पहिल्या वर्षीं मीं सपाट जमिनींत रोपें लावलीं आणि पाऊस पडत असतांही प्रेमापोटीं रोज तांब्याभर पाणी घातलें. पंधरा दिवसांत सर्व रोपें मुळाशीं कुजलीं. उपेक्षेनें मेलीं असतीं तर पश्चात्ताप कमी झाला असता. तीं माझ्या मायेनें मेलीं. तेव्हांपासून मातींत बोट खुपसून पाहावें, दोन पेरें कोरडें लागलें तरच पाणी द्यावें, हा नियम मीं पाळला आहे. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी त्यास पुरेसें होतें. साबणाचें पाणी मात्र घालूं नये. मुळाभोंवतीं वाळलेला पालापाचोळा पसरला म्हणजे ओल टिकते. आजीबाईंच्या प्रश्नाचें माझें उत्तर हेंच आहे.

दुसरी गोष्ट, सुकलेलें फूल वेळींच खुडावें. मुलांस हें निर्दयपणाचें वाटतें. परंतु झाड फुलतें तें बीसाठीं. बी धरूं लागलें कीं त्याची नव्या कळ्यांकडील ओढ कमी होते. सुकलेलीं फुलें काढीत गेल्यास तें पुनःपुन्हां फुलतें. हंगामाच्या शेवटीं मात्र उत्तम झाडावरचीं दोन-तीन फुलें राखावीं. तीं वाळून तपकिरी, केसाळ गोळे झाले म्हणजे बी चोळून काढावें, सावलींत वाळवावें आणि कागदाच्या पुडींत महिना लिहून ठेवावें. ती पुडी फोडून पाहणाऱ्या मुलास आणखी एक नवल दिसेल. ज्यास आपण एक फूल म्हणतों, तो अनेक चिमुकल्या फुलांचा मेळा असतो. बाहेरची एकेक पाकळीही त्यांतलेंच एक फूल होय.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलास हातभर जागा व चिमूटभर बी द्यावें, आणि नंतर त्याच्या वाफ्यांत हात घालूं नये. एखादें रोप मरेल, मरूं द्यावें. तें कां मेलें हें तो स्वतः शोधील, आणि पुढच्या आषाढांत तीच चूक पुन्हा करणार नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या बियांची एक पुडी शेजारच्या घरीं अवश्य द्या. गेल्या दसऱ्यास आमच्या आजीबाईंच्या दारींही गलांड्याचें तोरण होतें, आणि तीं फुलें त्यांच्याच अंगणांतलीं होतीं.